मदत हवी आहे: फसव्या ईमेलवाल्याला खेळवणं कितपत सुरक्षित?

मंडळी, परदेशातल्या कुणा मयत श्रीमंताचे लाखो डॉलर मिळवून देतो, आधी फक्त प्रोसेसिंग फी भरा, अशी मेल भावाला आली. (नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या कलमावरून ज्याला '४१९' म्हणतात, तोच प्रकार.) पैसे भरायचा प्रश्नच नाही, पण पठ्ठ्या खोट्या नावाने उत्तरं देऊन त्याला झुलवतोय. म्हणे, तो माझ्यात गुंतला की दुसरं कुणी फसण्यापासून वाचेल! वेगळा ईमेल आयडी काढलाय, तरी मला धाकधूक आहे. त्याने पाठवलेली लिंक उघडली तर भावाचा आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) त्याला कळतो ना? शिवाय फी भरायला त्याने बँक खातं दिलंय. अशी खाती बऱ्याचदा तिसऱ्याच माणसाची असतात, मग आधी बँकेला कळवावं की थेट सायबर पोलिसांना? कुणी असं केलंय का?