मदत हवी आहे: गाडी वळवताना स्टीअरिंगमधून आवाज (नागपूर, तातडीचं)

नरेंद्रनगरकर (सोमवार, रात्री ९:१२)
गाडी वळवताना स्टीअरिंगमधून आवाज येतो. आधी कमी होता, आता वाढलाय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवली तर पूर्ण स्टीअरिंग असेंब्ली बदलावी लागेल म्हणाले. एस्टिमेटचा कागद बघून डोकंच फिरलं. शनिवारी घरच्यांना घेऊन लग्नाला संभाजीनगरला जायचंय, समृद्धीने. नक्की काय असेल आणि खर्च किती येईल? नागपुरात विश्वासू मेकॅनिक माहीत असेल तर सांगा. कृपया जाणकारांनीच लिहावं.

नरेंद्रनगरकर (सोमवार, रात्री ९:३१)
कोणी आहे का?

पाना_बारा (सोमवार, रात्री ९:४०)
गाडी कोणती? किती चाललीय? टकटक, घरघर, कुईकुई, करकर, यातलं काय? उभ्या गाडीत की चालत्या? किती स्पीडला? डावीकडे वळताना की उजवीकडे? रेस दिल्यावर की सोडल्यावर? निव्वळ 'आवाज येतो' यावर कोणी खर्च सांगितला तर तो थापा मारतोय असं समजा.

ईव्हीभक्त (सोमवार, रात्री ९:४४)
इंजिनवाल्या गाड्यांचं हे रडगाणं कधी संपणार नाही. मी विकून मोकळा झालो. आता ना ऑइल, ना क्लच.

पाना_बारा (सोमवार, रात्री ९:४६)
@ईव्हीभक्त, तुमच्या गाडीला चाकं नाहीत का? बेअरिंग, अ‍ॅक्सल, टायर, शॉकअप सगळं त्यातही तेच असतं. उलट बॅटरीचं वजन जास्त.

नरेंद्रनगरकर (सोमवार, रात्री ९:५०)
पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, २०१७ ची. फक्त ४१ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की इथे कंपन्यांचीच भांडणं लागतात. आवाज वळताना येतो, वर लिहिलंय.

कोथरूडकर (सोमवार, रात्री १०:०२)
पॉवर स्टीअरिंगचं ऑइल कमी झालंय, दुसरं काही नाही. माझ्या गाडीत अगदी हेच झालं होतं. टॉपअप केलं, आवाज बंद. तुमच्याकडे हे कोणी सांगितलं कसं नाही याचं आश्चर्य वाटतं.

पाना_बारा (सोमवार, रात्री १०:०५)
ऑइल ओतणार कुठे? २०१७ च्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्टीअरिंग असतं. मोटर असते, तेलाची टाकीच नसते. तुमची गाडी कोणत्या सालची?

कोथरूडकर (सोमवार, रात्री १०:११)
२००८. पण तत्त्व तेच.

पाना_बारा (सोमवार, रात्री १०:१२)
अजिबात तेच नाही.

सावनेरचा_पाटील (सोमवार, रात्री १०:२०)
भाऊ, माह्या गाडीले पण असाच आवाज येऊन रायला होता. बेअरिंग गेलं होतं. बेअरिंग बदला न् मोकळे व्हा, कायले विचार करता. उजवीकडे वळताना आवाज आला तर उजवं गेलं, डावीकडे आला तर डावं.

पाना_बारा (सोमवार, रात्री १०:२४)
पाटील, उलटं आहे ते. उजवीकडे वळलं की गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. म्हणून उजव्या वळणावर घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यायचा.

सावनेरचा_पाटील (सोमवार, रात्री १०:२७)
मिस्त्रीनं उजवंच बदललं होतं न् आवाज बंद झाला होता. आता मिस्त्रीले शिकवता का बाप्पा?

तर्रीबाज (सोमवार, रात्री १०:३३)
अवांतर: राजेहो, आवाज गाडीचा नाही, रस्त्याचा आहे. गावभर सिमेंट रोड करून ठेवलेत, त्यावर आडव्या रेघा मारल्यात. नवीकोरी गाडी घातली तरी घूं घूं करते. वर दर जोडावर पेव्हर ब्लॉकचा खड्डा.

चारचाकी_चिंतन (सोमवार, रात्री १०:४०)
+१. तरीही आधी अलाइनमेंट करून घ्या. निम्मी दुखणी अलाइनमेंटची असतात. आणि ८० च्या वर स्टीअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग करा, रिमवरचं वजन पडलेलं असतं.

नरेंद्रनगरकर (सोमवार, रात्री १०:४४)
थरथरत नाही. मी थरथर म्हटलंच नाही.

मृण्मयी_व (सोमवार, रात्री १०:५१)
नरेंद्रनगरकर, गेल्या महिन्याभरात एखादं चाक कोणी काढलं होतं का? पंक्चर, टायर अदलाबदल, ब्रेकचं काम, काहीही?

नरेंद्रनगरकर (सोमवार, रात्री १०:५५)
पंक्चर काढलं होतं, पुढचं डावं. त्याचा स्टीअरिंगशी काय संबंध?

मृण्मयी_व (सोमवार, रात्री १०:५८)
संबंध आहे. आत्ता खाली जा आणि चारही चाकांचे नट पान्याने तपासा. ते झाल्याशिवाय गाडी हलवू नका. नट सैल असला तर रिम हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) सरकते आणि हळू वळताना टकटक वाजते. लोक महिनाभर स्टीअरिंगला दोष देत बसतात. घट्ट करताना एकाच्या शेजारचा दुसरा असं करू नका, समोरासमोरचे घ्या. पान्यावर उभं राहू नका, स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) तुटतात.

नरेंद्रनगरकर (सोमवार, रात्री ११:२०)
तपासले. सगळे घट्ट. आता ऐका, नीट सांगतो. आवाज दोन आहेत. सोसायटीच्या गेटमधून पूर्ण वळवून बाहेर निघताना टक-टक-टक, रेस दिली की जलद. दुसरा म्हणजे रिंग रोडवर ५०-६० च्या वर गेलं की घूंऽऽ. तो सरळ रस्त्यावरही येतो. स्टीअरिंग जड नाही, कोणताही दिवा लागत नाही.

पाना_बारा (सोमवार, रात्री ११:२३)
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर दोन तास वाचले असते. आवाज दोन तर कारणंही बहुधा दोन. आणि स्टीअरिंग जड नाही, दिवा नाही, तर असेंब्ली बदलायची कशासाठी? त्यांना म्हणा, गाडी लिफ्टवर घ्या आणि रॅकमध्ये (स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा), टायरॉड एंडमध्ये (तो दांडा चाकाला जोडणारा सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठे आहे तो हात लावून दाखवा. दाखवता आला तर बोलू.

टायरगुरू (सोमवार, रात्री ११:३०)
नायट्रोजन भरा. आवाज कमी होतो.

पाना_बारा (सोमवार, रात्री ११:३१)
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरगुरू (सोमवार, रात्री ११:३३)
मग विमानात कशाला भरतात?

चारचाकी_चिंतन (सोमवार, रात्री ११:३८)
विमानाचं ब्रेकिंग, तापमान, सगळंच वेगळं. पण नायट्रोजनमध्ये ओल नसते हेही खरं. नागपूरच्या ४५ डिग्रीत मी तरी नायट्रोजनच भरतो.

तर्रीबाज (सोमवार, रात्री ११:४१)
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निवृत्तफोरमन (मंगळवार, सकाळी ६:१५)
नमस्कार. नोकरी हिंगणा एमआयडीसीत गेली, त्याआधी काही वर्षं वाडीला ट्रकवर काम केलं. रात्रीची चर्चा आत्ता वाचली. कुठलाही पार्ट मागवण्याआधी घरीच बघता येण्यासारख्या गोष्टी सांगतो.

आधी टकटक. हॅचबॅकला पुढच्या चाकांना ओढ असते, त्यामुळे इंजिनची ताकद अ‍ॅक्सलमधून चाकात जाते आणि चाक वळतंही. हे दोन्ही ज्या सांध्यात होतं तो बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्यात स्टीलच्या गोळ्या आणि ग्रीस असतं, वर घड्यांचा रबरी बूट. आपल्याकडच्या उन्हाने बूट कडक होऊन घडीत तडकतो, फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं, आत धूळ जाते. मग पूर्ण वळवून रेस दिली की गोळ्या खाल्लेल्या खाचांमध्ये आदळतात, तीच टकटक. स्टीअरिंग एका टोकाला पूर्ण फिरवा, इंजिन बंद करा, टॉर्च घेऊन चाकाच्या मागे बघा. नुसत्या घड्या बघू नका, घड्यांच्या खोबणीत बघा. रिमच्या आतल्या बाजूला, सस्पेन्शनच्या आर्मवर काळं चिकट शिंतोडल्यासारखं दिसलं तर जॉइंट सापडला. नुसता बूट फाटलाय आणि आवाज नाही, अशा वेळी बूट आणि नवीन ग्रीसवर भागतं. आवाज सुरू झाल्यावर बूट बदलून उपयोग नाही, जॉइंट किंवा अख्खा अ‍ॅक्सल लागतो.

आता घूं. याला दोन मुख्य गुन्हेगार, बेअरिंग आणि टायर, आणि कानाला दोघं सारखेच लागतात. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, सिमेंटवर वेगळा, डांबरावर वेगळा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही. ते वेगाबरोबर आणि वळणाबरोबर बदलतं. पाना_बारा यांचा वजनाचा मुद्दा बरोबर आहे, पण तेवढ्यावर विसंबून बाजू ठरवू नका, त्यात फसलेले लोक मी पाहिलेत. पुढचं चाक जॅकवर घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. एक हात चाकामागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये किरकिर हाताला लागते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका.

टायरवरून तळहात फिरवा, आधी पुढे, मग मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने ठोकळ्यांची टोकं बोचत असतील तर टायर करवतीसारखा झिजलाय. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात तेही वाचून इथे टाका.

सावनेरचा_पाटील (मंगळवार, सकाळी ८:०५)
काका, सोळा आणे बोलले. पण बेअरिंगच असन.

कोथरूडकर (मंगळवार, सकाळी ८:४०)
अवांतर: समृद्धीवर टायर फुटण्याबद्दल बरंच ऐकलंय. जुना वर्धा-यवतमाळ रस्ता बरा नाही का?

तर्रीबाज (मंगळवार, सकाळी ८:५२)
पुण्यात बसून आम्हाला रस्ते सांगून रायले. शिवमडक्याला समृद्धीवर चढायचं, सरळ जायचं. रस्ता टायर फोडत नाही, सपाट मोकळ्या रस्त्यावर १२० ने तासनतास दामटलं की जुना टायर तापून फुटतो.

नरेंद्रनगरकर (मंगळवार, रात्री ८:३०)
काका, बघितलं.
उजवीकडचा बूट ठीक. डावीकडे, म्हणजे पंक्चर काढलं त्याच बाजूला, बूटच्या मोठ्या टोकाकडून दुसऱ्या खोबणीत बोटाच्या पेराएवढी चीर आहे. स्टीअरिंग सरळ असताना ती मिटते, दिसतच नाही. रिमच्या आत काळा थर, त्यात माती चिकटून लापशी झालीय. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्टीअरिंग पूर्ण वळवून बघितलं नसणार.
टायरवर हात फिरवला. मागच्या दोन्हींना उलट दिशेने बोचतंय, पुढच्यांना नाही. आकडा चारही टायरवर २३१७. नक्षी भरपूर शिल्लक आहे पण.

पाना_बारा (मंगळवार, रात्री ८:३६)
२३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. मूळचेच टायर. नक्षी शिल्लक असली तरी रबर आठ उन्हाळे खाऊन बसलंय. नक्षीतली १.६ मिमीची खूण झिजेसाठी आहे, वयासाठी नाही. कडांना बारीक भेगा असतील, बघा.

मृण्मयी_व (मंगळवार, रात्री ८:४५)
खात्री करायची तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून रिंग रोडला एक चक्कर मारा. घूंची जागा बदलली तर टायर. तिथेच राहिली तर बेअरिंग. आणि दुकानातून निघायच्या आधी नट स्वतः बघा.

नरेंद्रनगरकर (बुधवार, दुपारी १:१०)
टायर पुढे-मागे करून चक्कर मारली. आधी पाठीमागून येणारा घूं आता पायाखालून येतोय. कडांना भेगाही आहेत. दोन घेऊ की चार?

टायरगुरू (बुधवार, दुपारी १:२२)
दोन घ्या, पुढे टाका. स्टीअरिंग पुढे असतं, ब्रेक पुढे लागतो.

पाना_बारा (बुधवार, दुपारी १:२५)
दोनच घेतले तर नवे मागे टाकायचे. पावसात मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते, साध्या ड्रायव्हरला सावरत नाही. पुढची सुटली तर गाडी सरळ जाते, रेस सोडून सावरता येते.

टायरगुरू (बुधवार, दुपारी १:२७)
मे महिन्यात कुठला पाऊस?

मृण्मयी_व (बुधवार, दुपारी १:३०)
चारही एकाच वयाचे आहेत, दोनाचा प्रश्नच कुठे येतो? चार घ्या. असेंब्लीचे पैसे वाचलेत ना.

सावनेरचा_पाटील (बुधवार, दुपारी २:००)
टायर पायजे तर घ्या, पण बेअरिंग पण बदलून टाका भाऊ. हात लागलाच आहे तर.

नरेंद्रनगरकर (शुक्रवार, संध्याकाळी ७:१५)
@निवृत्तफोरमन, तुम्ही व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सुचवलेल्या मिस्त्रीकडून डावा अ‍ॅक्सल बसवून घेतला. जुना जॉइंट त्याने हातात देऊन फिरवायला लावला, आत वाळू भरल्यासारखा करकरत होता. गेटमधून पूर्ण वळवून काढली, टकटक नाही. टायर चार घेतले, घूं गेला. पार्ट, मजुरी, टायर सगळं धरून एस्टिमेटच्या निम्म्याहून कमी.
आता सगळं शांत झाल्यावर तिसरा ऐकू येतोय. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवलं की उजवीकडून करऽऽ, मधेच ट्वंग. उद्या पहाटे निघायचंय. निघू की नको?

कोथरूडकर (शुक्रवार, संध्याकाळी ७:२१)
ऑइल.

निवृत्तफोरमन (शुक्रवार, संध्याकाळी ७:५०)
तो शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधल्या (शॉकअप वर गाडीला जिथे बसवलेला असतो तिथल्या) बेअरिंगचा दिसतो. बेअरिंग अडकलं की स्प्रिंग पीळ खाते आणि झटक्याने सुटते. घरातल्या कुणाला स्टीअरिंग फिरवायला बसवा, तुम्ही बाहेरून दोन बोटं स्प्रिंगला लावा. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालू नका. 'ट्वंग'च्या वेळी स्प्रिंगने उडी मारली तर तेच. चालवताना वळण घेऊन स्टीअरिंग आपोआप सरळ येतंय ना, तेवढं आज रात्री बघून घ्या. येत असेल तर जाऊन या, आल्यावर माउंटिंग बदला. अडकत असेल तर लग्नाला बसने जा. हवा पहाटे टायर थंड असतानाच भरा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यातला भरल्या गाडीचा आकडा घ्या. नवे टायर आहेत, पहिले काहीशे किमी १०० च्या आत ठेवा.