नळाच्या पाण्याचा टीडीएस ६०० असल्यास ते पिण्यास अयोग्य समजावे काय?

पूर्णाकाठ
आमचे तालुक्याचे गाव अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात आहे. नगर परिषदेचे नळ आठवड्यातून एकदा-दोनदा येतात आणि उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळतात, अशी गावात चर्चा आहे. फिल्टर विकायला आलेल्या एका गृहस्थांनी ग्लासात मीटर बुडवून ६०० हा आकडा दाखवला आणि हे पाणी म्हणजे विष आहे, असे आईच्या देखत सांगितले. तेव्हापासून घरात जार येतो. घरात तान्हे बाळ असल्याने विचारतो, की या आकड्यावर कितपत विसंबावे?

प्रयोगशाळावाला
टीडीएस ही विरघळलेल्या क्षारांची गोळाबेरीज आहे. कोणता क्षार किती, हे मीटर सांगत नाही आणि रोगजंतू तर त्याला दिसतच नाहीत. भारतीय मानक १०५०० नुसार टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, पण दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. तेव्हा ६०० ला विष म्हणणे हा निव्वळ विक्रीचा भाग झाला.

आपण चौकशी करावी ती नायट्रेटची, कारण त्याला ४५ मिलिग्रॅमपुढे मुळीच सवलत नाही. बाळाला वरचे दूध पाण्यात कालवून देत असाल, तर हा आकडा विशेष महत्त्वाचा, कारण जादा नायट्रेटमुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्यावा. जैविक तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तेथूनच आणावी.

निवृत्त पाणीपुरवठा
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण लहान गावांत पाणी बिघडते ते बहुधा शुद्धीकरण केंद्रात नव्हे, तर वाटेत. पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो आणि गटारालगतच्या फुटक्या सांध्यांतून बाहेरचे पाणी आत शिरते. त्यात नळ आला रे आला, की घरोघरी टुल्लू पंप लावून पाणी ओढले जाते. म्हणून सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, वरकामाला वापरावे.

ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला आहे का, हे पाहण्याची) वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरी व्हावी, असा आग्रह आपण नगर परिषदेकडे धरावा. परीक्षानळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले असता पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. तेथे तो किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा. टाकीखालच्या नळावर घेतलेल्या ओटीला, माझ्या मते, फारसा अर्थ नाही. सुट्या थंड जारांवर तर आयएसआयचा शिक्काही नसतो. आरओतून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे मीटर ४० दाखवत असला तरी न धुतलेल्या जारात जंतू वाढू शकतात.

पूर्णाकाठ
आभारी आहे. अहवाल येईपर्यंत घरच्या पिंपात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावे काय?

निवृत्त पाणीपुरवठा
अंदाजाने टाकू नये, कारण उघड्या पिशवीतील भुकटीचा जोर किती उरला आहे हे कळत नाही. आशाताईंकडे मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) मिळाले, तर बाटलीवरील प्रमाणानुसार थेंब घालून पाणी अर्धा तास झाकून ठेवावे. बाळाच्या दुधासाठी मात्र, नायट्रेटचा आकडा हाती येईपर्यंत, आयएसआय शिक्क्याचे सीलबंद पाणी उकळून वापरावे.