जुन्या ट्रकात इंजिन बदलायचं तर गॅरेजने किती घ्यावेत?

मालवाहू

प्रश्न सरळ आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या ट्रकाचं इंजिन संपलं आणि गॅरेजमध्ये दुसरं बसवून घ्यायचं, तर वाजवी खर्च किती धरावा? दर ठिकठिकाणी वेगळे असतात, म्हणून मजुरी तासांत आणि बाकीचं इंजिनाच्या किमतीच्या पटीत मांडतो.

होतं तेच इंजिन, म्हणजे त्याच मॉडेलचं दुसरं, बसवायचं असेल तर २० तास मजुरी भरपूर झाली. बॉनेट, रेडिएटर, फॅन उतरवायचे, ऑइल-कूलंट काढायचं, वायरिंग आणि होज सोडायचे, सायलेन्सर मोकळा करायचा, बेल हाउसिंग (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारं घर) आणि फाउंडेशनचे (इंजिनाच्या आधारांचे) बोल्ट काढून क्रेनने इंजिन वर घ्यायचं: ८ तास. सेल्फ, अल्टरनेटर, मॅनिफोल्ड जुन्यावरून नव्यावर चढवायला ३. बसवायला ७. चालू करून गळती बघायला आणि ट्रायलला २. पॅकिंग, ऑइल, कूलंट, पट्टे, होज हे सगळं इंजिनाच्या किमतीच्या १५ टक्क्यांत येतं. एकूण बेरीज इंजिनाच्या किमतीच्या दुपटीच्या आत बसायला हवी.

तिप्पट सांगणारा एकच कारण देतो: "जुनी गाडी आहे, काय निघेल सांगता येत नाही." मला हे मान्य नाही. ज्याने हे काम अनेकदा केलंय त्याला काय निघतं ते पक्कं माहीत असतं.

सतरा_एकोणीस

माहीत असतं म्हणूनच तो जास्त तास लावतो, मालवाहू भाऊ. तुमचे २० तास प्रत्येक नट पान्याने सुटेल असं धरून काढलेत.

मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर पाइप जिथे जोडतात तिथले स्टड (आट्यांच्या सळ्या) घ्या. इंजिन नवं येतं, पण मॅनिफोल्ड बहुतेक वेळा जुनाच लावायचा असतो, त्यामुळे ते स्टड कापून टाकून भागत नाही. जोर लावला की मुळाशी तुटतात. मग तुटक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं, निवू द्यायचं, आणि मागे-पुढे, मागे-पुढे करत काढायचं. नाहीच निघाला तर मधोमध ड्रिल मारून आटे नवे पाडायचे. असे तीन स्टड म्हणजे दोन-अडीच तास गेले.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर रेडिएटरला येणाऱ्या कूलर पाइपचा नट पाइपलाच गंजून धरलेला असतो. नट फिरवला की पाइप पिळवटतो. मग नवा पाइप वाकवून, फ्लेअर करून (टोक पसरवून) घालायचा. बेल हाउसिंगचे वरचे दोन बोल्ट फायरवॉलखाली (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याखाली) असतात. गिअरबॉक्सची मागची बाजू खाली झुकवून लांब एक्स्टेन्शन घातल्याशिवाय सॉकेट तिथे पोचत नाही. एसीचा गॅस मशीनने काढून परत भरायचा, तोही तुमच्या यादीत नाही.

माझ्या मते साध्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रकाला २६ ते ३० तास धरावेत. फोर बाय फोर असेल तर पुढचा डिफरन्शियल ऑइल चेंबरच्या आड येतो, त्याचे ५-६ तास वर.

मालवाहू

मग स्टडचे पैसे स्टड तुटल्यावर घ्या ना! गंज नसलेल्या गाडीच्या मालकाने गंजलेल्या गाडीचे तास का भरायचे? गाडी वर उचलून खालून नीट पाहिली, स्टडच्या आट्यांवर वायर ब्रश मारला, कूलर पाइपच्या नटावर पाना लावून पाहिला, की अर्ध्या-पाऊण तासात अंदाज येतो. ही तपासणी फुकट करू नका, तिचे वेगळे पैसे घ्या. पण कोटेशन तपासून द्या. नुसतं गाडीचं वर्ष बघून दहा तास वाढवणं हा अंदाज नव्हे.

लेथवाला

पटीचा हिशेब आधी सोडा. "इंजिनाची किंमत" म्हणजे नेमकी कशाची? हाफ इंजिन घेतलं तर ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढंच येतं. हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) तुमचं जुनं, म्हणजे ते क्रॅकसाठी तपासणं, फेसिंग, व्हॉल्व्ह सीट आणि नवे सील आलेच. हेडसकट तयार केलेलं इंजिन घेतलं तरी इनटेक मॅनिफोल्ड, सेन्सर, वॉटर पंप बहुधा त्यात नसतात. भंगारातून आख्खं इंजिन उचललं तर सगळं येतं, पण आत काय अवस्था आहे ते कोणी लिहून देत नाही. मजुरी तिन्हींना साधारण सारखीच पडते. त्यामुळे स्वस्त इंजिन घेणाऱ्याला एकूण खर्च चौपट दिसतो आणि महाग घेणाऱ्याला दीडपट. लुबाडणूक दोन्हींकडे नाही.

भंगारातलं इंजिन घेणार असाल तर बसवण्याआधी त्यावर ६ ते ८ तास आणि थोडं सामान खर्च केलंच पाहिजे. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं मोजा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ते इंजिन परत करा. ऑइल चेंबर उतरवा, एक मेन आणि एक बिग एंड कॅप (क्रँकच्या बेअरिंगची झाकणं) खोलून बेअरिंगवर तांबडा थर दिसतो का पाहा. क्रँकचं मागचं ऑइल सील बदला. ब्लॉकच्या मागच्या बाजूचे वॉटर प्लग बदला, कारण गाडीत बसलेल्या इंजिनावर हात तिथे पोचतच नाही. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग चेन, ऑइल पंपाच्या स्ट्रेनरचा ओ-रिंग हेही बदला. मॅन्युअल असेल तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग. या सामानाला १५ टक्के पुरत नाहीत. भंगारातलं इंजिन स्वस्त असेल तर हे सामान इंजिनाच्या अर्ध्या किमतीवरही जातं.

आणि ज्या गोष्टीसाठी कोणी पैसे द्यायला तयार नसतं ती सांगतो. गाडीतलं आधीचं इंजिन बेअरिंग खाऊन बंद पडलं असेल, तर धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि त्याच्या पाइपांत बसलेला असतो. टर्बो फुटला असेल तर तुकडे आणि ऑइल इंटरकूलरमध्ये. पाइप धुता येतात. कूलरच्या आतल्या बारीक वाटा धुऊन साफ झाल्या याची खात्री देता येत नाही, तो नवाच घालावा. जुना ठेवला तर तोच चुरा नव्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये जातो आणि महिनाभरात ऑइल प्रेशर उतरायला लागतं.

हिशेबी

लेथवाले साहेब बरोबर बोलले, पण यातूनच दुसरा प्रश्न निघतो: ते इंजिन महिनाभरात गेलं तर भरायचं कोणी? माझ्या मते कोटेशनमधला सर्वांत महाग आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग हमीचा असतो.

इंजिन विकणाऱ्याची हमी अनेकदा फक्त मालाची असते. इंजिन बदलून मिळेल, पण काढण्या-बसवण्याची मजुरी दुसऱ्यांदा तुमच्या खिशातून. काही जण मजुरी देतात, पण स्वतःच्या ठरलेल्या दराने. गॅरेजचा दर त्याहून जास्त असला तर फरक मालकाचा. शिवाय अटी असतात. तयार इंजिनाच्या हेडवर आणि ब्लॉकवर उष्णतेची बटणं चिकटवलेली असतात, साधारण १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास मधला भाग वितळतो. वितळलेलं बटण दिसलं की "गाडी तापवली" म्हणून दावा बाद. म्हणूनच रेडिएटर आतून साफ केल्याची किंवा नवा घातल्याची पावती ठेवायची, थर्मोस्टॅटचीही.

जो गॅरेजवाला इंजिन स्वतः आणतो आणि माल-मजुरी दोन्हींची एका वर्षाची हमी लेखी देतो, त्याने २० ते २५ टक्के जास्त घेतले तर मी ते वाजवी म्हणेन. मालकाने इंजिन आणून दिलं तर त्याने हमी फक्त स्वतःच्या हातच्या कामाची द्यावी आणि तेवढंच स्वस्त करावं. गॅरेजचा दर घासाघीस करून खाली आणायचा आणि हमी पूर्ण मागायची, हे दोन्ही एकत्र मागणं अन्यायाचं आहे.

गाडीतलं आधीचं इंजिन विकणाऱ्याला परत देण्याची अनामतही बिलात वेगळी लिहून घ्या. ब्लॉकला भोक पडलं असेल किंवा क्रँक मोडला असेल तर ती बहुधा परत मिळत नाही, आणि शेवटच्या दिवशी त्यावरून भांडण होतं.

तारजोड

सगळे "तेच इंजिन" धरून बोलताय. निम्मे लोक कार्ब्युरेटरचं इंजिन काढून इंजेक्शनचं बसवायला येतात आणि तोच दर विचारतात. ते वेगळं काम आहे. ७० तासांखाली कोणी सांगत असेल तर काहीतरी सोडून देणार हे समजा.

पेट्रोलची लाइनच घ्या. कार्ब्युरेटरला ०.३ ते ०.५ बार पुरतो. शेव्हर्लेच्या एलएस घराण्यातल्या इंजिनाला ४ बार लागतो. म्हणजे टाकीत नवा पंप, परतीची लाइन किंवा रेग्युलेटर असलेला फिल्टर, आणि दाबाला टिकणारा होज. जुना कमी दाबाचा ३०आर७ होज क्लॅम्प आवळून तसाच ठेवला तर तो एक दिवस गरम मॅनिफोल्डवर सुटतो. इंजेक्शनला ३०आर९ पाहिजे. त्यात पैसे वाचवणाऱ्याला गाडी देऊ नका.

वायरिंगला २० ते ३० तास. हार्नेसमधून (तारांच्या जुडग्यातून) नको त्या सर्किटच्या तारा काढणं, फ्यूज-रिले, पॅडल आणि थ्रॉटल बॉडीची जोडी जुळवणं, ईसीयूमधला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला) चोरी-प्रतिबंध बंद करून ट्यूनिंग. आणि अर्थिंग! इंजिन ते चेसिस, इंजिन ते बॉडी, बॅटरी ते ब्लॉक, तिन्ही पट्ट्या जाड आणि रंग खरवडून उघड्या धातूवर. एक राहिली की सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो, केबल तापते, आणि सेन्सर वेडेवाकडे आकडे देतात. असला दोष शोधायला जो वेळ जातो तो कोणीच कोटेशनमध्ये धरत नाही.

डिझेल_बारमाही

पेट्रोल काढून डिझेल घालायचं असेल तर तारजोडांच्या ७० वर आणखी ३०-४० तास चढवा. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन ५०० किलोच्या आसपास भरतं, बिडाच्या पेट्रोल व्ही-८ च्या जवळपास दुप्पट. पुढचे पाटे, क्रॉस मेंबर, फाउंडेशन सगळं बदलावं लागतं. डिझेलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप पाहिजे. हे विसरलं तर पहिल्याच उतारावर पॅडल दगडासारखं लागतं. इंजिनाचा वेग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास संपतो, म्हणून मागचा गिअर रेशो तोच ठेवला तर गाडी मोठ्या रस्त्यावर धापा टाकते.

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या कोनांत १ अंशाहून जास्त फरक राहिला की ठरावीक वेगाला थरथर सुरू होते आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात.

या जुन्या ५.९ च्या टायमिंग केसमध्ये एक डॉवेल पिन (जागा धरणारी छोटी खुंटी) असते, ती सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते. इंजिन स्टँडवर असताना पुढचं कव्हर काढून तिच्यावर एक पट्टी लावायला दोन-तीन तास. नाही लावली तर गिअर आणि केस दोन्ही फुटण्याची भीती. एवढे तास कमी करून घेणारा मालक मला समजत नाही.

मालवाहू

वेगळं इंजिन बसवायच्या कामाला माझा २० तासांचा आकडा लागू नाही, हे मान्य. पण "तेच इंजिन" या कामात मी अजूनही २४ च्या वर जात नाही. लेथवाले म्हणतात ते ६-८ तास वेगळ्या ओळीत लिहा, क्लच वेगळ्या ओळीत, कूलर वेगळ्या ओळीत. मालकाला नको असेल तर त्याने सही करून नको म्हणावं. एक गोळा आकडा दिला की यातलं काय केलं आणि काय गाळलं हे कधीच कळत नाही. माझा राग त्यावर आहे.

सतरा_एकोणीस

ओळींना माझी हरकत नाही. पण काही कामं मालकाच्या मर्जीवर सोडताच येत नाहीत, आणि घाईच्या २४ तासांत तीच मारली जातात.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो) गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसला पाहिजे. फिरवत ढकलला की टप्प्याटप्प्याने आत जातो. बेल हाउसिंग ब्लॉकला हाताने टेकलं पाहिजे आणि कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेटमध्ये (क्रँकला लावलेल्या तबकडीत) ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. बोल्ट आवळून हाउसिंग ओढून घेतलं तर गिअरबॉक्सचा पंप फुटतो. मॅन्युअलमध्ये बेल हाउसिंगचा केंद्र डायल गेजने बघायचा, ०.१३ मिलिमीटरच्या आत.

मग पहिला स्टार्ट. सपाट टॅपेटचा नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा शाफ्ट) असेल तर आधी ड्रिलने ऑइल पंप फिरवून गेजवर प्रेशर आणायचं, झिंक असलेलं ऑइल घालायचं, आणि चालू होताच २००० ते २५०० फेऱ्यांवर २० ते ३० मिनिटं ठेवायचं. आयडलवर सोडलं तर टॅपेटला पुरेसं ऑइल उडत नाही आणि कॅमचे उंचवटे तिथल्या तिथे झिजतात. म्हणून पेट्रोल, कूलंट, टायमिंग सगळं आधीच तयार लागतं. यालाच तीन तास जातात. तुमच्या यादीत ट्रायलसकट दोन आहेत.

हिशेबी

तर करारात हे लिहा: तपासणीनंतर तासांचा आकडा, त्याच्या वर १५ टक्क्यांपर्यंत गॅरेजने न विचारता जावं, त्यापुढे फोटो पाठवून मालकाची लेखी परवानगी. शेवटचे १० टक्के ८०० किलोमीटरनंतर, मॅनिफोल्ड आणि फाउंडेशनचे बोल्ट परत तपासून, पहिलं ऑइल बदलून झाल्यावर.

लेथवाला

१५ टक्के चालतील. शेवटचे १० टक्के अडकवून ठेवायला मात्र चांगलं गॅरेज तयार होणार नाही, कारण त्यांचे पैसे इंजिनात आधीच गेलेले असतात. त्याऐवजी ८०० किलोमीटरची तपासणी आणि ऑइल बदल बिलातच धरून घ्या. आणि ते पहिलं ऑइल काढल्यावर फिल्टर कापून घड्या उलगडून मालकासमोर बघायला लावा. चमकणारे कण मोठे आणि जास्त दिसले तर हमीचा दावा त्याच दिवशी करायचा.