हेडलाइटला घरी भोक पाडून पार्किंग लाइट बसवू नका

बालाघाटचा
काल एका भावानं जुन्या जीपचे फोटो टाकले. उभी गाडी अंधारात दिसावी म्हणून घरच्या ड्रिलनं हेडलाइटला मागून भोक पाडलं, त्यात छोट्या टी-10 बल्बचा होल्डर कोंबला, भोवती सिलिकॉन थापलं आणि खाली लिहिलं की दोनशे रुपयात पार्किंग लाइट झाली, दुकानदार लुटतात, सगळ्यांनी करा. खाली वा वा करणाऱ्यांची रांग. तुमची गाडी हाय, तुम्ही काय बी करा, पण सगळ्यांनी करा म्हणून कामून सांगायलाव?

हेडलाइटच्या आतला, उजेड पुढं फेकणारा रिफ्लेक्टर पत्र्याचा असो नाहीतर प्लास्टिकचा, आतली चमक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा इतका बारीक थर असतो की बोट लागलं तरी डाग कायमचा, आणि कापडानं पुसायला गेलं तर चमकच कापडावर येते. मागून ड्रिल मारलं की सगळा बुरा आत पडतो. काच चिकटवलेली असती, मग तो काढणार कुठून, बल्बच्या भोकातून? अन् ते सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिडची वाफ सोडतं, ती बंद हेडलाइटच्या आत कोंडली की चमक खायला लागती. वर भोक नीट बंद झालं नाही तर मृगाच्या पहिल्या पावसात काचेला आतून घाम. मग अंधारात समोरचा खड्डा दिसंना म्हणून हीच माणसं शंभर वॅटचा बल्ब टाकतात आणि समोरून येणाऱ्याला आंधळं करतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पण वाचा, आणि शिक्षेचं 182A. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल मालकानं केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दर बदलामागं 5000 रुपये दंड, नाहीतर दोन्ही.

जीपवाला परभणी
फोटो माझेच हायेत. दादा, तुम्ही कायदा सांगितला पण अर्धाच. केंद्रीय मोटार वाहन नियमातला 109 नंबरचा नियम काढा. समोर दोन्ही बाजूंना एकेक पांढरी नाहीतर अंबर पार्किंग लाइट पाहिजे, मागं दोन लाल, आणि गाडी रस्त्यावर उभी असली तरी त्या पेटलेल्या राहिल्या पाहिजेत. माझ्या जीपला मडगार्डवरचे दिवे होते ते कधीच फुटले, तसले आता मिळत नाहीत, 15 वर्षं झाली म्हणून आरटीओत री-पासिंगला न्यायचीय. दिवा नसला तर पास होत नाही, दिवा लावला तर तुम्ही कैद दाखवायलाव. माणसानं करावं तरी काय?

आणि भोक कुठं पाडलंय ते फोटोत नीट बगा. खालच्या अर्ध्यात पाडलंय. हेडलाइटच्या एच-4 बल्बमधी डिप्परच्या, म्हणजे जवळच्या उजेडाच्या, तारेखाली छोटी वाटी असती, ती खाली जाणारा उजेड अडवती, म्हणजे डिप्परला रिफ्लेक्टरचा वरचा अर्धाच भाग लागतो. कंपनीच्या ज्या सात इंची हेडलाइटमधी पार्किंगचा बल्ब येतो त्यात पण भोक खालीच असतं. मी डोळे झाकून ड्रिल नाही चालवलं. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावलं, बुरा त्याला चिकटतो, उरलेला व्हॅक्यूमनं ओढला.

वायरमन लातूर
वाटीचं बरोबर सांगितलं भावानं, डिप्परला फरक पडत नाही. पण अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला, पूर्ण रिफ्लेक्टर लागतो, तिथं पडतो. आणि कंपनीचं भोक साच्यातूनच येतं, चमक त्याच्यानंतर चढती, कड गुळगुळीत राहती. ड्रिलनं पाडलेल्या पत्र्याच्या भोकाची कड उघडी पडती, तिथून गंज सुरू होतो. हे मी रोज दुकानात बगतो.

दुसरं म्हणजे वायरिंग. नव्वद टक्के लोक पार्किंगची वायर हेडलाइटच्या वायरीतून दात लावून सोलतात आणि चिकटपट्टी गुंडाळतात. फ्यूज नाही, काही नाही. लाइटच्या स्विचचा पहिला टप्पा पार्किंगचा असतो, त्याच्यावर टेललाइट, नंबरप्लेट आणि मीटरचा उजेड चालतो, जोड तिथंच घ्यायचा. साध्या पाच वॅटच्या बल्बांनी पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक धरला तर 25 वॅट, म्हणजे दोन अँपिअर. 35 अँपिअर-अवरची बॅटरी असली आणि रात्री दहा तास दिवे चालू राहिले तर अर्ध्याहून जास्त बॅटरी सकाळपर्यंत गेली, मग धक्का मारत बसा. एलईडी टाकला तर हा प्रश्न राहत नाही. एलईडी पेटला नाही तर खराब म्हणून फेकू नका, काढून उलटा फिरवून बसवा, त्याला प्लस-मायनस असतं.

गेवराईकर
इतकं बारीक बोलायलाव तर मोठं पण बोला. पार्किंग लाइट काय एवढ्याशा जीपला लागती का? सोलापूर-धुळे हायवेला बीडपासून गेवराईकडं नोव्हेंबरनंतर रात्री या. गळीत हंगाम सुरू झाला की डबल ट्रॉल्या, मागं एक दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि उसाची वाडं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, दोन्हीकडून इतकी बाहेर लोंबतात की ट्रॉली कुठं संपती तेच कळत नाही. टायर फुटला की तिथंच रस्त्यावर उभी. मागं दोन दगडं आणि बाभळीची फांदी, ही त्यांची पार्किंग लाइट. आधी त्यांच्यावर लिहा.

बालाघाटचा
विषय हेडलाइटचा चालू हाय भाऊ.

गेवराईकर
विषय उभ्या गाडीला दिवा पाहिजे का नाही हाच हाय. तुम्हाला ज्याच्यावर बोलायला सोपं त्याच्यावर तुम्ही बोलायलाव.

ऊसवाला माजलगाव
झालं का, आलात का शेवटी शेतकऱ्यावर. ट्रॉलीला दिवे नसतात असं नाही. दरवर्षी हंगामाच्या आधी बसवतो. ऊस भरताना मोळी घासली की वायर तुटली, फडातून निघताना ढेकळात आपटली की काच फुटली. रिफ्लेक्टर लावला तर वाड्याखाली झाकून जातो. कारखान्यावर नंबर लागून रात्र रात्र ट्रॅक्टर उभा, ड्रायव्हर जागा, मुकादमाची आगाऊ उचल डोक्यावर, तोडणीची टोळी फडात खोळंबलेली, आणि तुम्ही एसी गाडीत बसून म्हणणार दिवा कुठंय. तुमची गाडी 120 नी असती म्हणून ट्रॉली दिसत नाही. 60 नी चालवा, दिसती का नाही बगा.

नांदेडकर ताई
मी सहसा लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ साठनीच चालला होता. समोरून एक गाडी अप्पर मारत आली, त्यानं डोळे बारीक केले, आणि ती निघून गेली तवर पुढं बिनदिव्याची ट्रॉली उभी. ऊस काचेतून आत आला. भाऊ वाचला, पण उजवा डोळा गेला. अजून रात्री गाडीत बसत नाही, बाजूच्या सीटवर पण नाही. ड्रायव्हर पोरगा गरीब होता, दवाखान्यात येऊन रडत बसला, त्याच्यावर माझा आजही राग नाही. राग आहे तो ट्रॉलीच्या मालकावर. ऊसवाले दादा, वायर तुटते हे मला मान्य, मग वायर न लागणारी गोष्ट लावा. लाल कापडी रिफ्लेक्टर मिळतो, ट्रॉली भरून झाल्यावर उसावरूनच आडवा बांधायचा, वाड्यानं झाकायचा प्रश्नच नाही. बांधायला किती वेळ लागतो?

ऊसवाला माजलगाव
ताई, भावाचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. कापड काही कारखाने देतात, काही देत नाहीत, आणि दिलं तरी ट्रॉली खाली करताना ते उसाबरोबर कारखान्याच्या गव्हाणीत जातं. पण भरल्यावर वरून बांधायचं आणि खाली करायच्या आधी सोडायचं, हे होऊ शकतं. माझ्या ट्रॉल्यांना मी बांधायला सांगतो. गेवराईच्या भावानं मात्र शेतकऱ्याला शिकवायचं बंद करावं.

गेवराईकर
मी बी शेतकऱ्याचंच पोरगं हाय. माझ्या वडलांची पण ट्रॉली होती, तिला मागं कंदील टांगलेला असायचा. पन्नास टन ऊस घालणाऱ्याला दोनशेचं कापड परवडत नाही हे मला सांगू नका. बोललो तर राग येणार, नाही बोललो तर माणसं मरणार.

जीपवाला परभणी
मग मी दुसरं काय म्हणायलो? उभ्या गाडीला दिवा असावा म्हणूनच लावला ना. दोनशे रुपयात कुणाचा डोळा वाचत असला तर त्याला तुम्ही गुन्हा म्हणायलाव.

बालाघाटचा
ताईंच्या भावाचं परत एकदा वाचा. समोरच्या गाडीच्या उजेडानं त्याचे डोळे दिपले. मी हेच म्हणायलो की हेडलाइटशी खेळू नका. ती बिघडली की धोका तुम्हाला नाही, समोरच्याला. पार्किंगचा दिवा पाहिजे हे मी कुठं नाकारलं? तो हेडलाइटच्या आतच पाहिजे असं नियमात कुठं लिहिलंय ते दाखवा. तुमच्या जीपला मूळ दिवे मडगार्डवर होते ना, मग तिथंच लावा. जुन्यासारखे नाही मिळाले तर ट्रॅक्टर नाहीतर टेम्पोचे छोटे दिवे ऑटो पार्टच्या दुकानात कुठं बी मिळतात, एका स्क्रूवर बसतात, रबर वॉशर सोबत येतो. फुटला तर दिवाच बदलायचा, हेडलाइट नाही.

जीपवाला परभणी
हे कालच सांगितलं असतं तर दोन हेडलाइट वाचल्या असत्या. पण माझं भोक खाली हाय, डिप्परला काही झालं नाही, हे तुम्ही अजून मान्य केलं नाही.

बालाघाटचा
डिप्परला नाही झालं. मान्य. अप्परला झालं असणार. रात्री सपाट भिंतीसमोर पंचवीस फुटावर जीप लावा, अप्पर मारा आणि एकेक हेडलाइट झाकून बगा. दोन्हीकडचा ठिपका सारखा, मधी काळा डाग नाही, असं असलं तर मी गप्प बसतो. आणि तुमच्या पोस्टीतलं ते सगळ्यांनी करा काढून टाका, ते वाचून कुणीतरी वरच्या अर्ध्यात भोक पाडील.

जीपवाला परभणी
भिंतीचं करतो, फोटो टाकतो. पोस्टीत भोक खालीच पाडा एवढं वाढवतो, काढणार नाही.

वायरमन लातूर
आंबट वासाचं सिलिकॉन लावलं असलं तर आधी ते खरवडून काढा, पावसाच्या आत. न्यूट्रल लिहिलेलं घ्या, नाहीतर होल्डरला ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, बसवा, ते जास्त बरं. आणि पार्किंगच्या जोडावर पाच अँपिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय री-पासिंगला जाऊ नका, पासिंगवाला बगो ना बगो.

नांदेडकर ताई
ऊसवाले दादा, कापड कुठं मिळालं ते इथं लिहा. आमच्याकडच्या दोन ट्रॉलीवाल्यांना पाठवते.