दशमांश काढला; उरलेल्या नऊ वाट्यांचा हिशेब कोण देणार? (अनुभव धागा : ख्रिस्ती कारभारीपण)

ख्रिस्ती घरात पैशाचा विषय निघाला की तो दशमांशावर, म्हणजे देवाला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागावर, येऊन थांबतो. मलाखी ३:१० (‘सगळा दशमांश भांडारात आणा’) हे बायबलवचन सगळ्यांना पाठ. लूक १६ मधल्या धन्याने मात्र कारभाऱ्याकडे सगळ्या कारभाराचा हिशेब मागितला होता, दहाव्या भागाचा नव्हे. म्हणून हे आवाहन. पगार, शेती, कर्ज, ठेवी, कर, मृत्युपत्र यातलं ज्याला जे पक्कं ठाऊक आहे त्याने ते आकड्यांसकट लिहावं. साक्षी आणि उपदेश रविवारसाठी राखून ठेवा. दशमांश आज बंधनकारक आहे की नाही, हा वादही इथे नको.

पगारपत्रक, पुणे

एकूण पगारावर की हातात येणाऱ्यावर? दोन्ही चालतं, पण एकदा ठरवा आणि डायरीत लिहून ठेवा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता ४०,०००, इतर भत्ते १०,०००. भविष्य निर्वाह निधीत १२ टक्क्यांनी ४,८०० गेले, व्यवसाय कर २०० गेला. हातात ४५,०००. एकूणावर दशमांश ५,०००, हातातल्यावर ४,५००.

हातातल्यावर काढणारे एक गोष्ट विसरतात. निधीचे पैसे निवृत्तीला एकदम हातात येतात, त्या दिवशी त्या सगळ्या रकमेवर दशमांश लागू होतो. एकूणावर आधीच दिला असेल, तर तेव्हा फक्त मालकाचा हिस्सा आणि व्याज धरायचं. तीस वर्षांनी हे आठवणीवर सोडलं तर घरात भांडण ठरलेलं, म्हणून डायरी.

दुसरी चूक जास्त दिसते. पतपेढीच्या कर्जाचा हप्ता पगारातून कापून जातो म्हणून तो वजा करूनच दशमांश काढतात. कर किंवा निधी यांसारखी ती कपात नाही. तो तुमचा खर्च आहे, फक्त कारकुनाच्या हातून होतो.

पद्धत १ करिंथ १६:२ मध्येच आहे : आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवा. आजच्या भाषेत, पगाराच्या दुसऱ्या दिवशी बँकेला कायमची सूचना द्या की ठरलेली रक्कम वेगळ्या बचत खात्यात जावी. त्या खात्याला एटीएम कार्ड घेऊ नका. महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही.

काळी माती, राहुरी तालुका

पगारदाराचं सोपं आहे. शेतकऱ्याने पट्टीच्या (आडत्याच्या विक्री-पावतीच्या) रकमेवर दशमांश काढला तर तो बियाण्यावर आणि खतावरही काढल्यासारखा होतो. धरून चला : एकरी ८० क्विंटल कांदा, दर १,५००, म्हणजे १,२०,००० रुपये. रोपं, लागवड, खत, फवारणी, काढणी, गोण्या, गाडीभाडं, हमाली-तोलाई मिळून ७०,०००. उरले ५०,०००, दशमांश ५,०००.

यात लोक कुठे चुकतात? पीककर्जाचं मुद्दल फेडलं ते पुन्हा खर्चात धरतात. त्याच कर्जातून खत घेतलं आणि खत खर्चात आलंच, मग मुद्दल दुसऱ्यांदा कशाला? व्याज तेवढं धरा. घरी खायला ठेवलेली ज्वारी उत्पन्नात येते, त्या दिवशीच्या बाजारभावाने. किसान सन्मानचे वर्षाला ६,००० सुद्धा उत्पन्नच, ते सोयीने विसरू नये. घरखर्च, लग्न, मोटारसायकल यातलं काहीही शेतीचा खर्च नाही. उसाचं बिल कारखाना हप्त्यांनी देतो. पहिल्या हप्त्यातून आधी सगळा लागवडखर्च वळता करून घ्या. त्यानंतर येईल त्यावर, येईल तेव्हा. तोट्याच्या वर्षी दशमांश शून्य. त्याबद्दल खंत करत बसू नका आणि उसने आणून तर मुळीच देऊ नका.

कापणीच्या सणाला मंडळीत (म्हणजे आपल्या चर्चमध्ये) आणलेल्या मालाचा लिलाव होतो, तिथेही हिशेब दोन आहेत. कोंबडी बाजारात ५०० ची, बोली गेली २,००० वर. कोंबडी आणणाऱ्याचं अर्पण ५०० चं. बोली लावणाऱ्याला ५०० ची वस्तू मिळाली, त्याचं अर्पण १,५०० चं. जोशात उधारीवर बोली लावणारे पुष्कळ, आणि वर्षभर ती येणी खजिनदाराच्या वहीत पडून राहतात. खिशात किंवा फोनमध्ये असेल तेवढीच बोली.

पापडीची वाट, वसई

आम्हा कॅथलिकांत ठरावीक दहावा भाग सक्तीचा नाही. चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे कर्तव्य आहे, असं कॅनन कायद्यातलं (कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं) कलम २२२ सांगतं. टक्का सांगत नाही. मिस्सासाठी (चर्चमधल्या उपासनाविधीसाठी) दिलेली दक्षिणा या हिशेबात मिसळू नये, तिचा हेतू निराळा.

मला लिहायचंय ते ठेवींबद्दल. आपला समाज, आपली माणसं म्हणून सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवण्याची खोड आपल्याकडे मोठी. बँकेतल्या ठेवीला विमा असतो : एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत. दोन शाखांत ठेवली म्हणून १० लाख होत नाहीत. सहकारी बँकेलाही हा विमा आहे. पतसंस्थेला नाही, तिच्या फलकावर काहीही लिहिलेलं असो. संचालक रोज मिस्साला येतात हे तारण नव्हे. ५ लाखांवरची रक्कम वेगवेगळ्या बँकांत विभागा, आणि पतसंस्थेत तेवढीच ठेवा जी अडकली तरी घर चालेल.

वाडी (बागायती जमीन) विकून आलेला पैसा हे उत्पन्न नाही, तो रूप बदललेला वारसा आहे. तो चालू खर्चाच्या खात्यात टाकला की दोन लग्नांत आणि एका गाडीत संपतो. वेगळं खातं, मुदत ठेव, आणि घरात यायचं ते फक्त व्याज.

जुना बँकवाला, छत्रपती संभाजीनगर

ऋण घेणारा ऋण देणाऱ्याचा दास, हे नीतिसूत्रे २२:७. त्याचं गणित असं. क्रेडिट कार्डावर ६०,००० थकले आणि दर महिना ३.५ टक्के, तर व्याज २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. महिन्याला २,४७८ गेले आणि मुद्दल जवळपास तिथेच. ‘किमान देय’ भरत राहिलात तर विलंब आकार टळतो, व्याज टळत नाही. अशा माणसाने कार्डावरून मंडळीला अर्पण पाठवणं म्हणजे बँकेच्या पैशाने उदार होणं.

फेडीचा क्रम दराने लावा : आधी कार्ड, मग वैयक्तिक कर्ज, मग सोनेतारण, शेवटी घर. तोवर दशमांश? मी म्हणेन, कमी करा, सावकाराचं देणं आधी. यावर पाळकसाहेब रागावतील, रागावू देत.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रांचा सहावा अध्याय जितका कडक आहे तितकाच करार कायदाही. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे जावं अशी अट नाही. पगार असलेला जामीनदार सापडला तर तोच आधी सापडतो. ते कर्ज तुमच्या सिबिल अहवालातही दिसतं आणि उद्या तुमचं गृहकर्ज अडतं. मंडळीतल्या भावाला नाही म्हणणं जड जातं, तेव्हा एक मार्ग आहे : परत न आली तरी चालेल एवढी रक्कम सरळ देऊन टाका आणि सही करू नका.

पगारपत्रक, पुणे

वर लिहिलंय त्याला अर्धी हरकत. दशमांश कमी करा, पण शून्यावर आणू नका. शंभर रुपये का असेना, सवय तुटली की कर्ज फिटल्यावरही ती परत येत नाही. क्रमाबद्दल मात्र सहमत.

करसल्लागार, मुंबई

‘दशमांशावर कर वाचतो ना?’ बहुतेक वेळा नाही. एकाच धर्माच्या लोकांच्या लाभासाठी असलेल्या न्यासाला ८०जीची (देणगीवर करवजावट मिळवून देणारी) मान्यता मिळत नाही, आणि बहुतेक मंडळ्या त्यात मोडतात. मिशनचं रुग्णालय, सर्वांसाठीचं वसतिगृह, अनाथालय यांना ती असू शकते. तेव्हा पावती नव्हे, १०बीई हे प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर वजावट अडते. २,००० च्या वर रोख दिली तर वजावट नाही. धान्य-कपडे दिले तर नाही. नवी करपद्धती निवडली असेल तर हा प्रश्नच मिटला, तिथे ८०जी नाही.

परदेशातून गावच्या मंडळीला पाठवणाऱ्यांसाठी : तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगीच. मग संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि रक्कम तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी. भावाच्या खात्यात पाठवून ‘तू देऊन टाक’ म्हणणं हा त्यावरचा उपाय नाही. अडचणीत भाऊही येतो आणि मंडळीही.

वकीलबाई, मुंबई

मृत्युपत्र हा कारभारीपणाचा शेवटचा कागद, आणि आपल्याकडे तोच नसतो. ख्रिस्ती व्यक्तीला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर पत्नीला एकतृतीयांश, बाकी दोनतृतीयांश मुलामुलींत सारखं. मुलं-नातवंडं नसतील पण इतर नातलग असतील, तर पत्नीला अर्धंच. दीर-नणंदा दाराशी येतात ते इथे.

करायचं काय : साध्या कागदावरही चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असेल तर त्याचा वाटा रद्द होतो, म्हणून मुलगा-सून यांच्या सह्या नकोत. मंडळीला काही ठेवत असाल तर न्यासाचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. ‘आमच्या चर्चला’ यावर खटले होतात. आणि लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झाल्याबरोबर रद्द होतं. हिंदूंना हा नियम नाही, त्यामुळे इतर समाजातल्या ओळखीच्यांचा सल्ला इथे फसवतो.

धर्मकार्याला मृत्युपत्राने देण्यावर ख्रिस्ती लोकांना पूर्वी कलम ११८ ची आडकाठी होती : मृत्यूच्या बारा महिने आधी केलेलं हवं, सहा महिन्यांत जमा केलेलं हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. अजूनही त्याची भीती घालणारे भेटतात. गोव्यातल्यांनी यातलं काही धरू नये, तिथला वारसा कायदा निराळा आहे आणि अर्धी मालमत्ता सक्तीच्या वारसांची असते.

सोलापूरहून, थोडक्यात

आईच्या औषधाला पैसे नाहीत पण दशमांश चुकत नाही, हे मार्क ७ मधलं ‘कुर्बान’ झालं, म्हणजे ‘देवाला वाहिलं’ म्हणून आईबापांना टाळणं. येशूने ते नीट नावं ठेवून सांगितलंय. आईवडिलांचा खर्च हे अंदाजपत्रकातलं पहिल्या तीनमधलं कलम.

खजिनदार, अहिल्यानगर

देणाऱ्यानेही विचारावं असे चार प्रश्न. अर्पणाची थैली मोजताना एकमेकांचे नातेवाईक नसलेली दोन माणसं असतात का? नोटांच्या मूल्यानुसार तक्ता भरून दोघांच्या सह्या होतात का? पूर्ण रक्कम सोमवारी बँकेत जाते, की रविवारीच त्यातून चहा-मंडपाचे पैसे भागवले जातात? भागवले तर जमाही कमी दिसते आणि खर्चही, आणि लेखापरीक्षकाला दोन्ही सापडत नाहीत. चौथा, क्यूआर कोड कोणाच्या नावाचा आहे? स्कॅन केल्यावर पडद्यावर न्यासाचं नाव आलं पाहिजे. पाळकांचं, त्यांच्या मुलाचं किंवा कुणा खजिनदाराचं, म्हणजे माझंसुद्धा, नाव दिसलं तर पुढचं बटण दाबू नका. ‘शंभरपट परत मिळेल, बीज पेरा’ म्हणत जे कोड फोनवर येतात, त्यात हे नाव आधी बघा.

एप्रिलमध्ये आपल्या नावावरच्या वर्षभराच्या अर्पणाचा उतारा मागून घ्या आणि बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा. फरक निघाला तर तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहून समितीला द्या, तोंडी नको.