मदत हवी आहे: मारुती रोडवरचं दुकान विश्रामबागला हलवावं का?

नमस्कार मंडळी. आमचं सांगलीत मारुती रोडला अस्तर, फॉल, रिळं, बटणांचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. २०१९ च्या पुरात माळ्यावर टाकलेला मालही भिजला. वरच्या फळीजवळ चिखलाची रेघ अजून दिसते, दोनदा रंग दिला तरी. २०२१ ला परत तेच. आता ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढला म्हटलं की झोप उडते.

विश्रामबागला कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला एक गाळा बघितलाय. दारात चार गाड्या सहज लागतात, इथं तर गिऱ्हाईक गाडी लावायला जागा शोधून शोधून निघून जातं. आजूबाजूला अपार्टमेंट आहेत, घरी शिलाई करणाऱ्या बायका बऱ्याच. विलिंग्डन, वालचंद जवळ, पण कॉलेजची पोरं अस्तर कशाला घेतील? मिरजेचं गिऱ्हाईक वाटेवर म्हणून थांबेल असं मालक सांगतो. तो सांगणारच म्हणा.

भीती एकच. पेठेत लग्नाचा बस्ता बांधायला आलेली खेड्यापाड्यातली माणसं जाता जाता आमच्याकडे वळतात. ती तिकडे येतील का?

तिकडे दुकान असलेल्यांनी सांगा, दुपारी एक ते पाच गिऱ्हाईक असतं का? मे महिन्यात धंदा किती थंड पडतो? अकरा महिन्यांच्या करारावर फर्निचरला खर्च करावा का? का जुनं चालू ठेवून तिकडे नुसतं गोडाऊन घेऊ?