मित्रांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून देणारे इथे कोणी आहेत का? एक विचारायचंय

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, नोकरी अकाउंट्समधली, कॉलेजात असताना स्वतःचा पीसी खोलून जोडून शिकलो तेवढंच. पण कुणाचंही काही बंद पडलं की फोन मला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तर "अकरा टाकून दे" म्हणून रीघच लागलीय, आणि इंटेलच्या सहाव्या जनरेशनच्या प्रोसेसरचं मशीन असलं की त्यावर अकरा अधिकृतपणे चालत नाही हे सांगताना समोरच्याचा चेहरा उतरतो ते वेगळंच.

आता मूळ गोष्ट. मित्राच्या वडिलांचा लॅपटॉप फार स्लो होता, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) घातली, अकरा नव्याने टाकलं, सगळ्या फायली कॉपी करून दिल्या. काका खूश. आठवड्याने फोन, "अरे, माझे अभंग गेले सगळे." भजनी मंडळासाठी त्यांनी दीडशेच्या वर अभंग वर्डमध्ये टाइप केलेले, कित्येक वर्षांचं काम. फाइल उघडते पण आत इंग्रजी अक्षरं, मधेच डॉलर, मधेच कंस. मित्र म्हणाला तू हात लावलास आणि गेलं. दोन रात्री झोप नाही मला. काय करू? आणि यापुढे लोकांना नाही कसं म्हणायचं?

जुना_डीटीपीवाला:
दादा, घाबरू नका, अभंग कुठेही गेलेले नाहीत. ते युनिकोडच्या (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असायचे, म्हणजे फाइलमध्ये साठतं इंग्रजी अक्षर आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देतो, फॉन्ट नसला की मूळ अक्षरं दिसतात. जुनी हार्ड डिस्क आहे ना? यूएसबी केबलने जोडा, विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यातून तो फॉन्ट उचलून नव्यात इन्स्टॉल करा. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलं की वर फॉन्टचं नाव दिसतं, तेच शोधा. आणि कृपा करून ती फाइल आत्ता दुसऱ्या फॉन्टमध्ये सेव्ह करू नका.

ठाण्याची_ताई:
मी बारा वर्षं करतेय हे, नातेवाइकांचं सगळं माझ्याकडेच. फॉरमॅट मारायच्या आधी मी त्या माणसाला शेजारी बसवते आणि म्हणते, रोज जे जे उघडता ते माझ्यासमोर उघडून दाखवा. टायपिंग कसं करता, प्रिंट कशी काढता, सगळं. डेस्कटॉपचा मोबाइलवर फोटो काढते. जुनी डिस्क महिनाभर पाकिटात नाव लिहून ठेवते, पुसत नाही. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मी हातच लावत नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवते, तिथे सरळ नाही म्हणते. बाकी वेळी नाही म्हणणं मला तरी जमलेलं नाही.

घाटमाथा:
माझं मत वेगळं आहे, पैसे घ्या. थोडे का होईना. फुकट काम केलं की पुढे सहा महिन्यांनी प्रिंटर बंद पडला तरी तुमच्यामुळेच पडतो, दुकानदाराला असं कोणी बोलत नाही.

ठाण्याची_ताई:
@घाटमाथा मित्राच्या वडिलांकडून मी नाही घेणार. सुट्या भागांचे मात्र आधी घेते.

रात्रपाळी:
मंडळी, झालं!! डिस्क माझ्याकडेच होती, फॉन्ट सापडला, टाकला आणि फाइल उघडली तर पहिलीच ओळ मराठीत. काकांनी तिथेच चष्मा लावून पूर्ण अभंग मोठ्याने वाचला, काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मित्र काही बोलला नाही पण खाली गाडीपर्यंत सोडायला आला.

डीटीपीवाले दादा, तुमचे उपकार विसरणार नाही. आता सगळं युनिकोडमध्ये करून ठेवतोय म्हणजे परत ही वेळ यायला नको. चाळीस झाले. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार भलत्याच अक्षरावर जातोय, "सर्व"चा "र्सव" होतोय, हाताने दुरुस्त करतोय, यावर काही उपाय आहे का?